इतर हक्क

मुल्कियाच्या मागे, उजवीकडे खाली,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
गहाण. अल-मसीला फायनान्स.
बारा वर्षं ती ओळ माझ्या खिशातून फिरली,
सोहारला, सूरला, निझवाच्या घाटात,
घामानं भिजली, वाळली.
साठ हप्ते भरले होते मी.
साठावा भरला त्या रात्री खोलीवर सगळ्यांना बिर्याणी.
नंतर पत्र मागायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही.
मीही, खरं सांगायचं तर, विचारलं नाही.

आता कायमचं परत जायचंय.
पिकअप शेरजमान घेणार, बरक्याहून चारा आणतो तो,
पैसे पाकिटात मोजून तयार.
खिडकीतली मुलगी म्हणाली,
गाडी तुमची आहे, पण तुमची नाही.
आणि पुढच्या टोकनचं बटण दाबलं.

माझे वडील तलाठी होते, मंडणगडला.
सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना भरताना
ते चष्मा पुसून घेत.
म्हणत, बोजा चढवायला टाक लागतो,
उतरवायला चपला.

रुवीतल्या त्या पत्त्यावर आता दातांचा दवाखाना आहे.
मला बसवलं, पाणी दिलं, कुठला दात ते विचारलं.
भिंतीवर जुन्या पाटीची चार भोकं
तेवढी बुजवायची राहिलेली.

मसीला गेली एका बँकेच्या पोटात.
बँकेनं जुनी कर्जं विकली दुसऱ्या कुणाला.
ते फोनवर सतरा मिनिटं पियानो ऐकवतात
आणि सांगतात, तुमच्या नावाची फाईल नाही.
म्हणजे कर्जही नाही?
फाईल बघितल्याशिवाय कसं सांगणार, सर.

शेवटी वादी कबीरमध्ये, टायरच्या दुकानात,
वह्या लिहिताना सापडले तिसेकर.
अब्दुल हमीद तिसेकर, दाभोळचे.
पाच वर्षं दर पाच तारखेला
मसीलाकडून मला फोन करणारा आवाज.
तोंड पहिल्यांदाच पाहिलं. समोरचे दोन दात नव्हते.
मी नाव सांगायच्या आत त्यांनी गाडीचा नंबर सांगितला.
"तुजा हप्ता कदी चुकला नाय," म्हणाले,
"येक सोडून."

त्यांनीच नेलं मला दारसैतला,
तिसऱ्या मजल्यावर, मेलेल्या कंपन्यांचा हिशेब ठेवणाऱ्याकडे.
माझी फाईल होती. पिवळी, जाड, टाचणीला गंज.
बाकी: तीन रियाल सातशे पन्नास बैसा.
दंड. मार्च दोन हजार अकरा.
हप्ता आठ दिवस उशिरा.

मी बोट ठेवून तारीख वाचली.
त्या आठ दिवसांत मी इथे नव्हतोच.
मी बाणकोटला, खाडीच्या काठी,
उपरणं खांद्यावर टाकून उभा होतो.
पिंडाला कावळा शिवत नव्हता.
भावानं कानात विचारलं, कुणाचं काही राहिलंय का?
मी म्हणालो, नाही.

साडेतीन पावणेचार रियाल मी टेबलावर ठेवले.
साहेब म्हणाला, घेता येत नाहीत.
घ्यायला खातंच उरलेलं नाही.
तिसेकर अरबीत बराच वेळ काहीतरी बोलले.
त्यात "वालिद" हा शब्द दोनदा आला.
साहेबानं पैसे मशिदीच्या डब्यात टाकायला लावले,
पत्रावर सही केली, शिक्का मारला,
शाई सुकेपर्यंत आम्ही तिघंही
एकमेकांकडे बघत नव्हतो.

नवी मुल्किया आली. गहाणाचा चौकोन कोरा.
दहा मिनिटांत ती शेरजमानच्या नावावर झाली.
तो म्हणाला, क्लच जरा वर लागतो का?
म्हटलं, लागतो. सवय होईल.

विमान आठ तारखेचं होतं.
पाच तारखेला, सकाळी साडेनऊला, फोन वाजला.
तिसेकर.
"काय नाय रं," म्हणाले,
"सहज."